डुरकणीचे दिवस

तोर्गुन हेगलीद आमच्या फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, काठानं बस चालवते. सकाळी शाळेची मुलं, दुपारी डॉक्टरकडे निघालेली म्हातारी माणसं, संध्याकाळी बहुतेक रिकामी गाडी. वय सत्तावन्न, अंगानं रुंद, बोलायला कमी. रस्त्यात हरीण आडवं आलं की ती बस थांबवते, इंजिन बंद करते आणि ते पलीकडच्या झाडीत शिरेपर्यंत स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहते. मागून कुणी कुरकुरलं तर म्हणते, "त्याला घाई नाही, तुला कसली आहे?"

मी ओड्वार, तिचा शेजारी. माझी पस्तीस वर्षं फेरीबोटीवर तिकिटं फाडण्यात गेली. पण सप्टेंबर उजाडला की मी रजा टाकायचो आणि तिच्या बापाच्या, आनफिनच्या, शिकारीच्या गटात जायचो. या बापलेकींना मी जवळून पाहिलंय. त्यातलं एक तर असं पाहिलंय की आजही सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

आनफिनकडे मेंढ्या होत्या, थोडं कुरण होतं आणि घरामागं सरळ आभाळात चढत गेलेला डोंगर. त्या डोंगरात लाल हरणं. उन्हाळाभर ती वर असतात, कुणाच्या नजरेला पडत नाहीत. सप्टेंबर सरत आला की माजावर आलेले नर डुरकायला लागतात. बैलाच्या डुरकण्यापेक्षा खोल आणि शेवटी फाटत जाणारा आवाज. दोन-तीन आठवडे सगळी दरी त्या आवाजानं भरलेली असते. आमच्याकडची माणसं त्या दिवसांत एकमेकांशी बोलतानासुद्धा मध्येच थांबतात, मान वर करून ऐकतात आणि मग पुढचं वाक्य बोलतात.

तोर्गुन नऊ वर्षांची असताना एके सकाळी न्याहारीच्या टेबलावर तिनं बापाला विचारलं, "बाबा, वर कोण ओरडतंय? त्याला काय झालंय?"

आनफिननं पावावर तपकिरी चीज ठेवता ठेवता तिच्याकडे पाहिलं. "त्याला काही झालेलं नाही. उद्या दाखवतो."

तिची आई बोरहिल चुलीपाशी उभी होती. "दाखवतो म्हणे! पोरगी गारठून आजारी पडली तर तिच्या उशाशी तू बसणार आहेस का?"

"दोन मोजे घाल तिला. लोकरीचे."

"आणि तुझ्या डोक्यात काय घालू?"

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आधी दोघं निघाली. डोंगराच्या कमरेला एक सपाट खडक पुढं आलेला आहे, तिथून खालचं ओलं कुरण आणि समोरची बर्चची झाडी दोन्ही दिसतात. आनफिननं मुलीला मेंढीच्या कातड्यावर बसवलं, स्वतःचा कोट तिच्या अंगावर टाकला आणि फक्त ओठांवर बोट ठेवलं. उजाडत गेलं तसं कुरणावरचं पांढरं दव दिसायला लागलं. मग झाडीतून एक नर बाहेर आला. त्यानं मान लांब केली, शिंगं पाठीला टेकवली आणि तो डुरकला. तोंडातून वाफेचा लोट निघाला आणि हवेत तसाच थांबला. समोरच्या झाडीतून दुसऱ्यानं उत्तर दिलं. तोही बाहेर आला. मग दोघं शेजारी शेजारी चालायला लागले, एकमेकांकडे न बघता, कुरणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, परत वळून पुन्हा तसंच. आणि अचानक शिंगं एकमेकांत अडकली. त्याचा आवाज लाकडं फोडल्यासारखा वर आला.

तोर्गुननं मला हे बऱ्याच वर्षांनी सांगितलं. म्हणाली, "ओड्वार, घरी आल्यावर आईनं माझा हातमोजा धरून विचारलं, हे उंदरानं कुरतडलं का? मी मोज्याचा अंगठा चावून आरपार भोक पाडलं होतं. मला पत्ताच नव्हता."

त्या दिवसापासून ती बापाच्या मागं लागली. आनफिननं तिला बंदुकीला हात लावू दिला नाही. "आधी बसायला शीक," म्हणायचा. ती बसायला शिकली. वारा कुठून येतो ते ओल्या बोटाला विचारायला शिकली. मादीचा खूर आणि नराचा खूर, सकाळची लेंडी आणि कालची लेंडी, झाडाच्या सालीवर शिंग घासल्याची खूण, हे सगळं शिकली. आमच्या गटात ती एकटीच मुलगी. यार्ले म्हणून आमचा एक वीजतंत्री आहे, तोंडाला कधी कुलूप नाही. तो तिला चिडवायचा, "अगं, तुझ्या वयाच्या पोरी आरशासमोर बसतात आणि तू लेंडीसमोर."

ती म्हणायची, "लेंडी खरं बोलते."

एक गोष्ट मला तेव्हापासून लक्षात आली. आनफिन कधी 'मारलं' म्हणायचा नाही. 'घेतलं' म्हणायचा. पोरगीही तेच म्हणायला लागली.

अठराव्या वर्षी तिनं पहिलं हरीण घेतलं. आमच्या वाट्याला किती नर, किती माद्या, किती पाडसं हे वरून ठरून येतं. आनफिननं तिला पाडस दिलं. यार्लेला वाटलं होतं की बाप आपल्या लाडकीला मोठा नर देईल. तोर्गुननं एका गोळीत ते काम केलं आणि मग बंदूक खाली ठेवून ती दगडावर बसली. तिचे हात थरथरत होते. आनफिन तिच्याजवळ बसला, थर्मासमधली कॉफी झाकणात ओतून तिला दिली. ती अर्धी सांडली.

"बाबा, मला वाटलं होतं मला आनंद होईल."

"झाला नाही?"

"झालाय. पण दुसरंही काहीतरी झालंय."

"ते दोन्ही राहू दे," आनफिन म्हणाला. "ज्या दिवशी हात थरथरायचे थांबतील, त्या दिवशी बंदूक मला परत आणून दे."

पुढं ती बर्गेनला गेली. एका बेकरीत लागली, शहरात खोली घेतली, केस कापले. बोरहिल खूश होती, निदान एकीचं वेड सुटलं म्हणून. दोन वर्षं ती शिकारीला आली नाही. पहिल्या वर्षी रजा मिळाली नाही, दुसऱ्या वर्षी तिनं मागितलीच नाही. आनफिन यावर एक शब्द बोलला नाही. पण त्या दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी काही कामानं त्यांच्या घरी गेलो होतो. संध्याकाळचे पाच वाजले असतील. आनफिननं ओसरीतला टेलिफोन उचलला, नंबर फिरवला आणि मुलीला बोलवायला सांगितलं. ती आल्यावर हा गृहस्थ म्हणतो, "थांब जरा." मग फोनची तार ताणत ताणत स्वयंपाकघरात गेला, खिडकी उघडली आणि रिसीव्हर हात लांब करून बाहेर धरला. वर दोन नर डुरकत होते. त्याचा हात भरून आला तसा त्यानं तो दुसऱ्या हातात घेतला. बोरहिल कपाळाला हात लावून बसली. "एवढा खर्च करून फोन लावलाय आणि पोरीला हरीण ऐकवतोय!"

चार-पाच मिनिटांनी त्यानं रिसीव्हर कानाला लावला. "ऐकलंस?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. तो फक्त "बरं" म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. तोर्गुन शुक्रवारी संध्याकाळच्या बोटीनं आली. तिचं तिकीट मीच फाडलं. तिच्याकडे दोन मोठ्या बॅगा होत्या. मी विचारलं, "किती दिवस?" ती म्हणाली, "बॅगा बघ की." वसंतात तिनं बस चालवायचा परवाना काढला.

त्यानंतर वीसेक वर्षं दोघं दर वर्षी एकत्र गेली. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही, कारण ती चांगली गेली. बोरहिल त्या काळात वारली. बापलेक एकाच घरात राहिली.

मग आनफिनचे डोळे गेले.

आमच्याकडे मोसमाच्या आधी प्रत्येक शिकाऱ्याला नेमबाजीची चाचणी द्यावी लागते. शंभर मीटरवर हरणाची आकृती, पाच गोळ्या, पाचही वर्तुळात बसल्या पाहिजेत. आनफिननं चाळीस वर्षांत एकदाही दुसरा प्रयत्न घेतला नव्हता. सत्तरीच्या वर्षी त्याच्या पाचांतल्या तीन बाहेर गेल्या. तो म्हणाला, "बंदुकीवरची दुर्बीण हलली आहे." यार्लेनं तीच बंदूक घेतली, आडवा झाला आणि पाचही गोळ्या आत घातल्या. मग उठताना त्याला कळलं की आपण काय केलं. यार्ले गप्प झालेला मी आयुष्यात दोनदाच पाहिलाय, त्यातली ही पहिली वेळ.

डॉक्टरांनी सांगितलं की नजरेच्या मधोमध काळा डाग धरला आहे आणि तो वाढत जाणार. कडेकडेनं थोडं दिसत राहील. आनफिननं बंदुकीच्या कपाटाची किल्ली तोर्गुनच्या हातात दिली. त्या वर्षी तो घरातच बसला. डुरकणी सुरू झाली तशी त्यानं खिडक्या लावून घेतल्या आणि रेडिओ मोठा केला.

पुढच्या वर्षी तोर्गुननं हे चालू दिलं नाही. ऑक्टोबरमध्ये एका पहाटे ती त्याच्या खोलीत गेली आणि तिनं पांघरूण ओढलं.

"ऊठ बाबा."

"मी येऊन काय करू? ओझं वाहू? मला तुझं नाकसुद्धा दिसत नाही."

"माझं नाक बघायला तुला नेत नाहीये. ऊठ."

"लोक हसतील."

"कोण? यार्ले? तो तसाही हसतो."

ती पुढं, तिच्या पाठपिशवीचा पट्टा धरून तो मागं, अशी दोघं वर गेली. खडकावर बसली. अर्ध्या तासानं त्यानं तिच्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवली. तिला काही दिसत नव्हतं, काही ऐकूही येत नव्हतं. तिनं बंदूक तयार ठेवली. सात-आठ मिनिटांनी झाडीतून एक मादी आणि तिच्यामागं पाडस बाहेर आलं. त्या दिवशी दुपारी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली, बूटसुद्धा न काढता. म्हणाली, "ओड्वार, त्यानं मोजली. दिसायच्या आधी मोजली."

मी हसलो. म्हटलं, योगायोग असेल. ती तशीच निघून गेली.

मी हसलो याची लाज मला पुढच्याच वर्षी वाटली, आणि कारणही मीच घडवलं.

संध्याकाळची वेळ होती, उजेड उतरत होता. कुरणाच्या वरच्या टोकाला एक मोठा नर आडवा उभा राहिला. सत्तर मीटर असेल. मी चाप ओढला आणि त्याच क्षणी त्यानं एक पाऊल पुढं टाकलं. गोळी लागल्याचा आवाज आला, त्याची पाठ कमानीसारखी वाकली आणि तो झाडीत गेला. मी जाऊन पाहिलं. गवतावर फिकट, फेसाळ रक्त. फुप्फुसाच्या कडेला लागलं होतं. म्हणजे जनावर मरणार होतं, पण लगेच नाही.

ज्यानं कधी हरीण जखमी करून सोडलंय त्यालाच त्या रात्रीचं अंथरूण माहीत. मी झोपलो नाही. पाऊस पडत होता आणि पडणारा प्रत्येक थेंब ते रक्त धुऊन टाकत होता.

सकाळी माझा कुत्रा बाम्से, यार्ले, तोर्गुन आणि मी, असे निघालो. बाम्सेनं नदीपर्यंत माग काढला. तिथं नर पाण्यात उतरला होता. कुठं बाहेर पडला ते बाम्सेला कळेना. आम्ही दोन्ही काठ धुंडाळले. दहा वाजता दरीत धुकं उतरलं. असं धुकं की हात लांब केला तर मनगटापुढं काही नाही. बाम्से माझ्या पायाशी येऊन बसला आणि माझ्याकडे बघेना.

तोर्गुन म्हणाली, "मी बाबाला आणते."

यार्ले म्हणाला, "अगं, ज्यांना डोळे आहेत त्यांना दिसत नाही. आनफिन येऊन काय बघणार?"

"बघायला नाही," ती म्हणाली आणि गेली.

दीड तासानं धुक्यातून दोघं आली. आनफिननं पहिल्यांदा मलाच विचारलं. रागावला नाही, फक्त डॉक्टर विचारतो तसं एकेक विचारत गेला.

"गोळी लागल्यावर त्यानं काय केलं?"

"पाठ वाकवली."

"पळाला कसा? शेपूट वर की खाली?"

"खाली. आणि उताराला गेला."

"रक्त?"

"फेस होता."

"हं. मग तो लांब गेलेला नाही. नदी ओलांडून कशाला तरी पाठ टेकून बसलाय आणि आपण येऊ त्या वाटेवर नजर ठेवून आहे. तुम्ही सकाळपासून हिंडताय, तो तुम्हाला ऐकतोय. म्हणून अजून जिवंत आहे, उठायच्या तयारीत आहे. आता पुरे. बसा सगळे."

त्यानं आम्हाला नदीच्या पलीकडे नेलं. तिथं घराएवढा एक दगड आहे, त्याच्या मागं गेलं की नदीचा आवाज तुटतो. हे मी साठ वर्षं त्या दरीत राहून कधी ध्यानात घेतलं नव्हतं. त्यानं आम्हाला त्या आडोशाला बसवलं. मला बाम्सेचं तोंड कोटात धरायला सांगितलं. यार्लेला म्हणाला, "तुझा कोट वाजतो. काढ." यार्लेनं मुकाट्यानं कोट काढला आणि लोकरीच्या स्वेटरवर कुडकुडत बसला. आनफिननं स्वतःची टोपी काढली, दोन्ही कानांमागं तळवे धरले आणि डोळे मिटले. त्या डोळ्यांनी तसंही काही दिसत नव्हतं, तरी त्यानं ते मिटले.

किती वेळ गेला सांगता येत नाही. यार्ले म्हणतो तासभर, मला वाटतं जास्तच. धुक्यातून पानांवरून पाणी टपकत होतं. मी एवढ्या वर्षांत इतका वेळ काही न करता बसलो नव्हतो. सुरुवातीला मला माझा श्वास, पोटातली गुरगुर, कोटात कुत्र्याचं काळीज, एवढंच ऐकू येत होतं. मग ते मागं पडलं. मग दूर कुठंतरी डोमकावळा बोलला.

आनफिननं मान थोडी वळवली.

डोमकावळा पुन्हा बोलला.

"खाली बघून बोलतोय," आनफिन ओठांतल्या ओठांत म्हणाला. "जागा सोडत नाहीये."

पुन्हा शांतता. मग त्याचा चेहरा बदलला. कसा ते मला नीट सांगता येत नाही. चर्चमध्ये घंटा वाजायची थांबल्यावर काही माणसांचा होतो तसा. त्यानं तोर्गुनचा दंड धरला.

"खोकला."

आम्हा कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. तोर्गुनलाही नाही. तिनं मानेनंच नाही म्हटलं. तो थांबला. आम्ही सगळ्यांनी श्वास धरले.

"पुन्हा. ओला खोकला." त्यानं उजवा हात खांद्यापासून पूर्ण लांब केला, धुक्यात, जिथं आम्हाला नुसता पांढरा पडदा दिसत होता. हात जरा डावीकडे सरकवला आणि स्थिर केला. "साठ पावलं. थोडं खाली. तिकडं पडलेलं झाड आहे का काही?"

मी म्हटलं, "गेल्या वर्षीच्या वादळात एक पाइन पडलाय."

"त्याच्या मुळांशी आहे. वारा त्याच्याकडून आपल्याकडे आहे. जा, पोरी. हळू जा. त्याला आता अजून धावायला लावू नकोस."

तोर्गुननं बूट काढले. लोकरीच्या मोज्यांवर, बंदूक छातीशी धरून, ती बापाच्या हाताच्या रेषेत चालायला लागली. पाचव्या पावलाला ती धुक्यात विरली. आनफिनचा हात तसाच लांब होता. वय बहात्तर, हात बंदुकीशिवाय, आणि तो जराही हलला नाही. मला वाटलं, ती वळून बघेल तर तिला हा हात दिसणार नाही, तरी हा खाली का घेत नाही? पण तो घेत नव्हता आणि मला विचारायची हिंमत झाली नाही.

तिनं नंतर सांगितलं ते असं. प्रत्येक पाऊल टाकायला तिला दहा-बारा श्वास लागत होते. समोर काहीच नव्हतं. मग पडलेल्या पाइनच्या मुळांचा काळा आकार दिसला, त्यातून वर आलेल्या फांद्या दिसल्या. ती उभी राहिली. तेवढ्यात त्या फांद्यांपैकी काही वळल्या. नर तिच्याकडे बघत होता. बारा पावलं. तो उठायला लागला, पुढचे पाय रोवले, आणि तिनं चाप ओढला.

आम्ही गोळी ऐकली. धुक्यात आवाज आला तिथंच विरला, डोंगरानं परत दिला नाही. मग तिची हाक आली, "बाबा!" एवढीच. त्या एका शब्दात सगळं कळलं. आनफिननं हात खाली आणला आणि दुसऱ्या हातानं चोळायला लागला.

आम्ही त्याला तिथं नेलं. तो नराजवळ गुडघ्यांवर बसला. आधी कपाळावर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग शिंगांवरून बोटं फिरवली, मुळापासून टोकापर्यंत, एकेक फाटा धरत. "सात आणि सहा," म्हणाला. "म्हातारा आहे रे हा. दात बघा." दात झिजून हिरड्यांना आलेले. मग त्याची बोटं बरगडीवरून मागं गेली आणि माझ्या गोळीच्या भोकापाशी थांबली.

"ओड्वार, तुझा हात कुठं आहे?"

मी हात पुढं केला. त्यानं माझं मनगट धरून माझी बोटं त्या जखमेवर ठेवली. रक्त अजून कोमट होतं.

"कालपासून," तो म्हणाला. "पुढच्या वेळी चाप ओढताना आठव."

एवढंच. पुन्हा आयुष्यात त्यानं तो विषय काढला नाही, कुणाला काढू दिला नाही. मी तिथं बसून रडलो, हे मी लपवत नाही. यार्ले गप्प झाला ती दुसरी वेळ हीच. बऱ्याच वेळानं, नराला दोरी लावताना, तो म्हणाला, "मी पन्नास वर्षं दोन धडके डोळे घेऊन या डोंगरात हिंडतोय. कशासाठी कुणास ठाऊक."

"खड्ड्यात पडू नयेस म्हणून," आनफिन म्हणाला. "त्यातही तू दोनदा पडलास." तेव्हा कुठं आम्ही हसलो.

ही बातमी फियॉर्डच्या दोन्ही काठांवर पसरली. फेरीबोटीवर मला लोक विचारायचे, खरंच का? मी तिकीट फाडता फाडता सांगायचो, खरंच. काही लोक त्याला देणगी म्हणायचे. तोर्गुनला तो शब्द आवडायचा नाही. ती म्हणायची, "देणगी बिणगी नाही. तो साठ वर्षं ऐकतोय. आपण मध्ये मध्ये ऐकतो."

पुढं बारा वर्षं ती दोघं तशीच जात राहिली. ती बघायची, तो ऐकायचा, आणि गुडघ्यावर बोटं टेकवायचा. गटातले आम्ही सगळे त्या बोटांवर विसंबायला शिकलो.

गेल्या वर्षी आनफिन पंच्याऐंशीचा झाला. गुडघे गेलेत. यार्लेनं त्याला आपल्या चार चाकांच्या डोंगरी गाडीवर खडकाच्या खालपर्यंत नेलं आणि तिथून तोर्गुननं आणि मी खांद्याला धरून वर चढवलं. ऑक्टोबरची तीन तारीख, दुपार उतरत आलेली. डोंगर नुसता घुमत होता. समोर एक, उजवीकडे दोन, वर कड्याखाली एक. आनफिन कानांमागं तळवे धरून बसला होता. थोड्या वेळानं म्हणाला, "यंदा उशीर झालाय वाटतं. अजून सुरू झाले नाहीत."

मी तोर्गुनकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. समोरचा नर त्याच वेळी पुन्हा डुरकला, त्याचा आवाज खडकावरून सरकत गेला.

तिनं बापाला खोटं सांगितलं नाही. त्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाली, "सुरू झालेत, बाबा. चार आहेत."

त्यानं कानांमागचे तळवे खाली घेतले. मला वाटलं आता हा माणूस मोडणार. डोळे गेले तेव्हा त्यानं खिडक्या लावून घेतल्या होत्या, ते मला आठवत होतं.

"कुठं कुठं?" त्यानं विचारलं.

ती सांगायला लागली. समोरचा तरुण आहे, आवाज चढा आहे, शेवटी फुटतो. उजवीकडचे दोघं एकमेकांना उत्तर देतायत, जवळ येतायत. वरचा मोठा आहे, तीनदा डुरकतो आणि थांबतो. ती जन्मात एवढं सलग बोलली नसेल. आनफिन मान डोलावत होता, मध्ये मध्ये विचारत होता, "आणि आता?" ती सांगत होती. हरणं आमच्या बोलण्यानं दूर जातील याची दोघांनाही पर्वा नव्हती.

ती गेली नाहीत. वरचा, तो मोठा, कड्याखालून उतरत आला. बर्चच्या पिवळ्या पानांतून आधी शिंगं दिसली, मग चिखलानं काळी झालेली मान. आमच्यापासून पंचवीस पावलांवर, खडकाच्या खालीच, तो उभा राहिला. तोर्गुन बोलायची थांबली. त्यानं मान लांब केली.

तो इतक्या जवळून डुरकला की माझ्या दातांत हललं. बसलो होतो तो खडक थरथरला असं मी शपथेवर सांगेन, मग कुणी काहीही म्हणो. आनफिननं एक हात खडकावर टेकवला होता. दुसरा त्यानं स्वतःच्या छातीवर ठेवला. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं.

"हा," तो म्हणाला. "हा कळला."

तोर्गुनची बंदूक तिच्या मांडीवर होती. आमच्या वाट्याला त्या वर्षी अजून एक नर शिल्लक होता. तिनं बंदूक उचलली, गालाला लावली आणि बापाच्या कानाशी झुकून विचारलं, "घेऊ?"

आनफिननं छातीवरचा हात काढला नाही. मग म्हणाला, "एकदा अजून डुरकू दे."

तिनं थांबून वाट बघितली. नर पुन्हा डुरकला, पहिल्यापेक्षा लांब. आनफिननं मान डोलावली आणि मग तिनं चाप ओढला. तो जागच्या जागी कोसळला.

आम्ही खाली उतरलो तेव्हा तोर्गुनचे हात थरथरत होते. तिनं ते बापाच्या हातांत दिले.